ट्रेमधला भरलेला ग्लास

माझ्या वडिलांचा बाप्तिस्मा तीनदा झाला. चौथा होता होता राहिला. तो राहिला तेव्हा त्यांच्या चपला आणि टॉवेल घेऊन मीच नदीकाठी उभी होते, त्यामुळे ही गोष्ट सांगायचा हक्क माझा आहे. घरातली बाकीची माणसं विषय निघाला की हसतात आणि चहा टाकायला उठतात. मी तशी तापट, मला अर्धवट सोडलेलं काही चालत नाही.

पहिला बाप्तिस्मा सगळ्यांचा होतो तसाच. नगरकडच्या गावात, तान्हे असताना, पाळकसाहेबांनी कपाळावर पाणी शिंपडलं. तेवढ्यावर माणसाचा जन्म निघतो. माझ्या आजीचा निघाला, मम्मीचा निघतोय, माझंही त्यावरच चाललंय. पप्पांचं मात्र भागेना.

दुसरा झाला उल्हासनगरात. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत तिथे गल्लोगल्ली प्रार्थनेचे हॉल निघाले होते. ड्रम, टाळ्या, हिंदी गाणी. तिथे शिंपडाशिंपडी चालत नाही, माणूस अख्खा बुडवतात. पप्पा आजारी मित्राला बघायला जातो म्हणून गेले आणि संध्याकाळी ओल्या केसांनी परत आले. मम्मीनं त्यांच्या डब्याच्या पिशवीतून ओला पांढरा लेंगा बाहेर काढला, त्याला पाण्याच्या टाकीतलं हिरवं शेवाळ लागलेलं. मित्राला आंघोळ घातली की काय, असं तिनं विचारलं. पप्पांना खोटं बोलता येत नाही. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीत आपण पुन्हा बाप्तिस्मा घेतला, हे त्यांनी जेवणाच्या ताटावर बसून कबूल केलं.

तिसरा पुढच्याच वर्षी, बदलापूरच्या नदीत. ह्या वेळी खिशात वाळू सापडली, आणि वर पाच दिवस सर्दी. मम्मी त्यांच्या छातीला बाम चोळताना म्हणाली, की असा हप्त्याहप्त्यानं धुण्यापेक्षा ह्या माणसाला एकदाच साबण लावून दोरीवर वाळत घालते. मी हसले, पण मला राग आला होता. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, अंबरनाथ पश्चिमेचं, जुन्या वळणाचं. पप्पा तिथे पंच कमिटीत होते. पंचानंच बाहेर जाऊन पुन्हा पुन्हा बाप्तिस्मा घेतला हे कळलं असतं तर लोकांनी आम्हाला सळो की पळो करून सोडलं असतं. मी तावातावानं विचारलं, की पप्पा, तुम्ही असं केलंय तरी काय? ते उठून गॅस बंद आहे का ते बघायला गेले.

हीसुद्धा त्यांची एक तऱ्हा. एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते चेकर होते, यंत्रावरून आलेला प्रत्येक नग मोजून पास करायचा हे काम. घरीही तेच. दाराला कुलूप लावलं की चारदा ओढून बघायचं, रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचं, पाचव्यांदा ओढायचं. आम्ही कितीदा तरी लग्नाला अक्षता पडल्यावर पोचलोय.

पण त्या दिवशी गॅस बघून ते परत आले आणि माझ्या शेजारी बसले. माफी मिळाली असं वाटतच नाही गं, असं म्हणाले. मागतो, मागतो, रोज मागतो, पण मिळाली असं वाटत नाही. एवढंच. कशाची माफी ते सांगितलं नाही, आणि माझा राग जो उतरला तो परत चढलाच नाही. एवढा सरळ माणूस, कुणाचं वाकडं न केलेला, आणि रात्रंदिवस मनाला हे लावून घेऊन बसलेला. मला त्यांची फार कीव आली, आणि काय करावं ते सुचेना.

आता ग्लासांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूच्या देहाची आणि रक्ताची आठवण म्हणून भाकरीचे तुकडे आणि काळ्या मनुका उकळून केलेला रस. रस अंगठ्याएवढ्या काचेच्या ग्लासांत भरतात, ग्लास भोकं पाडलेल्या गोल ट्रेमध्ये बसवतात आणि पंच ते ट्रे बाकाबाकांवरून फिरवतात. पिऊन झालेले रिकामे ग्लास वेगळ्या ट्रेमधून चर्चमागच्या छोट्या खोलीत, वेस्ट्रीत येतात. ते धुवायचं काम मी नऊ वर्षांची असल्यापासून माझं. आणि त्या रिकाम्या ग्लासांत दर महिन्याला एक ग्लास भरलेला यायचा. काठोकाठ, तोंडही न लावलेला. मला वाटायचं, कुणीतरी डायबेटिसवाली मावशी असणार, घेतल्यासारखं करते आणि परत ठेवते. मग मी इकडेतिकडे बघून तो पिऊन टाकायचे. रस गोड असायचा आणि नऊ वर्षांच्या पोरीला तेवढं कारण पुरतं. पुढे मी शाळेत शिकवायला लागले, पोरांना शिस्तीचे धडे द्यायला लागले, तरी वेस्ट्रीतली ही सवय काही सुटली नव्हती.

आणि एका डिसेंबरात, शनिवारी सकाळी, पप्पांनी पांढरा झब्बा-लेंगा पिशवीत भरलेला मम्मीनं पाहिला. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की तू बरोबर जा आणि ह्यांना पाण्यात उतरू देऊ नकोस, थंडीचे दिवस आहेत. पप्पांना मी म्हटलं, मी येते. ते नको म्हणाले नाहीत. उलट बरं वाटल्यासारखे दिसले. बदलापूरला पोचेपर्यंत रिक्षात आम्ही नाताळच्या करंज्यांना खवा किती लागेल यावर बोलत होतो.

नदीवर सात-आठ माणसं रांगेत उभी होती. पाण्यात कमरेपर्यंत उतरलेला उपदेशक पंचविशीचा, आधी उल्हासनगरात रिक्षा चालवायचा, असं रांगेतल्या एका बाईनं सांगितलं. बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी. पप्पांनी झाडामागे जाऊन पांढरे कपडे घातले, चपला माझ्याकडे दिल्या आणि मम्मीचा निरोप मी तोंडातून काढायच्या आत रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा उपदेशकानं सगळ्यांना विचारायचा तोच प्रश्न विचारला, पहिलीच वेळ ना? पप्पा म्हणाले, चौथी.

रांगेतली माणसं हसली. उपदेशकानं पुढे केलेला हात खाली घेतला, पप्पांना काठावरच्या खडकावर बसायला सांगितलं, आणि उरलेल्यांना बुडवून झाल्यावर स्वतःचा शर्ट पिळत त्यांच्या शेजारी येऊन बसला. थंडीनं त्याचे दात वाजत होते. मी त्याला पप्पांचा टॉवेल दिला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, की अंकल, कशासाठी? आणि मला सव्वीस वर्षांत जे कळलं नव्हतं ते पप्पांनी त्या पोराला पाच मिनिटांत सांगितलं.

पप्पा आणि माझे काका, त्यांच्याहून दोन वर्षांनी धाकटे, एकाच मिशनच्या बोर्डिंगात शिकायला होते. पप्पा चौदा वर्षांचे असताना एका शनिवारी दुपारी चर्चची वेस्ट्री उघडी दिसली. आत दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनाचा रस भरून ठेवलेला. बोर्डिंगात पोट कधी भरायचं नाही. पप्पांनी एक ग्लास प्यायला, मग दुसरा, मग बरेच. बाहेर पावलं वाजली तशी घाईत ट्रे खाली पडला, ग्लास फुटले, रस अंगावर सांडला. ते खिडकीतून पळाले. पण त्या दिवशी त्यांचा शर्ट धुऊन दोरीवर होता, म्हणून अंगात घातला होता तो धाकट्या भावाचा. त्यांनी तो तसाच भावाच्या पेटीत कोंबला. बोर्डिंगात प्रत्येक मुलाचा नंबर कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं शिवलेला असायचा, धोब्याकडे कपडे मिसळू नयेत म्हणून. वॉर्डनना डागाळलेला शर्ट सापडला, नंबर सापडला, मुलगाही सापडला. सगळ्या मुलांसमोर बारा वर्षांच्या काकांना नाव काढून घरी पाठवलं. पप्पा रांगेत उभे होते. ते बोलले नाहीत.

काकांचं शिक्षण तिथे संपलं. आजोबांनी त्यांना उल्हासनगरात ओळखीच्या शिंप्याकडे ठेवलं. पप्पा मॅट्रिक झाले, कंपनीत लागले, आणि पहिल्या पगारापासून दर नाताळला काकांना एक नवा रेडिमेड शर्ट नेऊन देऊ लागले. शिंप्याला रेडिमेड शर्ट. आम्ही मुलं त्यावर किती हसायचो, आणि पप्पा कधी हसायचे नाहीत.

शेवटी पप्पा म्हणाले, त्या दिवसानंतर तो ग्लास मी तोंडाला लावलेला नाही. सगळ्या मंडळीला वाटतो, आणि माझा गुपचूप रिकाम्या ग्लासांत ठेवून देतो.

माझ्या हातातली एक चप्पल खाली पडली. म्हणजे डायबेटिसवाली मावशी नव्हतीच. सतरा वर्षं मी वेस्ट्रीत लपून, त्यांच्यासारखीच, तोच रस पीत होते, आणि तो त्यांचा होता.

उपदेशकानं टॉवेलनं कान पुसले. मग म्हणाला, "अंकल, अर्ज पहिल्यांदा केला तेव्हाच मंजूर झाला. तुम्ही जवाब उघडून बघितलाच नाही. दरवेळी नवीन अर्ज घेऊन येता. ऊपरवाला क्या बोलेगा?"

पप्पा म्हणाले, पण आतून वाटायला पाहिजे ना. त्यावर तो म्हणाला, की वाटणं वरखाली होतं, आज वाटेल, उद्या ताप आला की नाही वाटणार. येशूनं क्रुसावर जे केलं ते तुमच्या वाटण्यावर टांगलेलं नाही. मग त्यानं विचारलं, भावाला सांगितलं का? पप्पांनी मान हलवली. देवाला चाळीस वर्षं सांगत होते, अर्ध्या तासावर राहणाऱ्या भावाला एकदाही नाही.

"मग आज जा," तो म्हणाला. "पण माफी मिळावी म्हणून नको. मिळालीय म्हणून जा."

मी त्या पोराला आमचा टॉवेल तिथेच देऊन टाकला. मम्मीनं नंतर त्याबद्दल ऐकवलं, तो नवा होता. पप्पांनी कपडेही बदलले नाहीत, आणि शेअर रिक्षाशिवाय दुसऱ्या कशात कधी न बसलेल्या माणसानं थेट उल्हासनगरपर्यंत स्पेशल रिक्षा केली. वाटेत ते तीनदा म्हणाले की नाताळनंतर जाऊ, आणि तीनदा मी रिक्षावाल्याला सांगितलं की तुम्ही चला हो.

काकांचा जीन्स शिवायचा कारखाना म्हणजे एका सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानामागची लांब खोली, सहा मशीन आणि सगळीकडे निळा भुगा. काकांच्या भुवयासुद्धा निळ्या असायच्या. कारागीर जेवायला गेले होते, काका एकटेच मशीनवर होते. आमच्या घराण्यातला तापटपणा माझ्याआधी त्यांच्याकडे आहे. त्यांनी मान वर केली, पप्पांना डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. कोण गेलं, म्हणून त्यांनी मला विचारलं. कुणी नाही, असं मी म्हटलं, पण त्यांना ते पटायला वेळ लागला. पप्पा उभ्या उभ्याच बोलले. एका दमात, न थांबता, शर्ट, दोरी, पेटी, रांग, सगळं. मला माफ कर, असं म्हणाले.

काकांनी मशीन बंद केलं. सुईखाली अडकलेला दोरा ते सोडवायला लागले.

"तुझा शर्ट दोरीवर होता," ते म्हणाले. "मी बघितला होता. मला त्याच दिवशी माहीत होतं, दादा."

मग ते जे बोलले त्यात गोड काही नव्हतं. तीन वर्षं मी तुझं नाव काढलं नाही, म्हणाले. शिंप्याचा मार खाताना तुला शिव्या घालायचो. तू पुस्तकं घेऊन सुट्टीला घरी यायचास तेव्हा मी काम आहे सांगून यायचो नाही, आठवतं? पप्पांना आठवत होतं. मग इथल्या मंडळीत माझी पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायची वेळ आली. आदल्या दिवशी पाळकांनी सांगितलं, कुणाबद्दल मनात काही असेल तर मोकळं करून या. मनात तूच होतास, दुसरं होतं कोण? रात्रभर तळमळलो, आणि सकाळी सोडून दिलं. त्यानंतर मी ते परत उचललं नाही. तू काय घेऊन बसलायस?

पप्पा रडायला लागले. मीही लागले, पण मी रडताना बडबडते, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि एवढ्यात काकांच्या कपाळावर आठी पडली.

"थांब. मग ते शर्ट? ते दंड म्हणून होते काय?"

मी पप्पांकडे बघितलं. काका खरोखर दुखावले होते. तीस-पस्तीस नाताळ त्यांनी त्या शर्टांची वाट बघितली होती, शिंपी असून. शेजाऱ्यांना दाखवायचे, दादानं आणला म्हणून. मला वाटलं, आता होत्याचं नव्हतं होतंय. पप्पांनी झब्ब्याच्या बाहीनं डोळे पुसले. पहिला दंडच होता, असं ते म्हणाले, खोटं सांगत नाही. दुसरा-तिसराही असेल. पण नंतर नोव्हेंबर लागला की दुकानांतून तुझ्यासाठी रंग बघत फिरायला मला आवडायला लागलं. तुला निळा शोभतो. वर्षात तेवढा एकच दिवस मला स्वतःबद्दल बरं वाटायचं.

काकांनी हे ऐकून घेतलं. मग म्हणाले, की सगळे शर्ट गळ्यात घट्ट व्हायचे, एकूण एक. उठले, गळ्यातली टेप काढली, पप्पांच्या मानेभोवती गुंडाळली आणि आकडा बघून हसायलाच लागले. म्हणाले, हा मोठा मोजमाप करणारा चेकर, आणि इतकी वर्षं मला स्वतःच्या मापाचे शर्ट आणतोय. ते इतके हसले की पुढच्या दुकानातून व्यापाऱ्यानं हाक मारली, मास्टर, सब ठीक? काकांनी ओरडून सांगितलं, कुछ नहीं साईं, बड़ा भाई आया है.

टेप न काढताच ते पप्पांना म्हणाले, "माझ्यासारख्या भडक डोक्याच्या माणसाला सोडून देता आलं. देव काय माझ्यापेक्षा कोत्या मनाचा आहे?"

परतीच्या वाटेवर पप्पा ते वाक्य दोनदा स्वतःशीच पुटपुटले. घरी आल्यावर मम्मीनं आधी त्यांच्या लेंग्याला हात लावून बघितला. कोरडा होता. तिनं माझी पाठ थोपटली, जसं काही ते मीच केलं होतं. पप्पांनी कुलूप मात्र त्या रात्रीही पाचदा ओढलं, ते अजूनही ओढतात.

दुसऱ्या दिवशी मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. पप्पा ट्रे घेऊन बाकांमधून फिरले, पुढे जाऊन बाकीच्या पंचांबरोबर उभे राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, मला काही दिसलं नाही. उपासना संपताच मी वेस्ट्रीत पळाले. रिकाम्या ग्लासांचे चारही ट्रे आले. मी एकेक ग्लास उचलून बघितला. मग पुन्हा सगळे बघितले, चेकरची लेक ना मी. एकाही ग्लासात थेंब नव्हता.

पप्पा दारात येऊन उभे होते.

"आज तुझ्यासाठी काही उरलं नाही गं," ते म्हणाले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या घोटभर रसासाठी ज्यांनी स्वतःला दोनदा पाण्यात बुडवलं, त्यांनी मला तोच रस चोरून पिताना बघून एका शब्दानं टोकलं नव्हतं. मी विचारलं, की तुम्हाला माझा राग नाही आला?

"तुझा कसा येईल?" पप्पा लगेच म्हणाले. "तू माझं लेकरू आहेस."

हे ते अगदी सहज बोलले, आणि बोलून थांबले. हातात ट्रे तसाच होता. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते स्वतःचंच बोलणं ऐकल्यासारखे उभे होते. मग त्यांनी ट्रे माझ्या हातात दिला, बाह्या वर सारल्या, आणि त्या दिवशी सगळे ग्लास आम्ही दोघांनी मिळून धुतले.